सहा महिने चुका माफ

१९७१च्या जूनमध्ये बडोद्यात मी मराठी शाळेतून गुजराती शाळेत गेले, पाचवीत. वडील कचेरीत कारकून. त्यांचा हिशेब सरळ होता: गायकवाडी जाऊन बावीस वर्षं झाली, आता पोरीला नोकरी लागायची तर गुजराती यायलाच हवी. घरी मराठी, दांडिया बाजारात मराठी, गणपतीच्या आरतीला मराठी. वर्गात मात्र मी मुकी. पहिल्याच आठवड्यात श्रुतलेखनाचे वीसपैकी सतरा शब्द चुकले. वही पुढे करून टेबलापाशी उभी राहिले, तेव्हा मास्तरांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छ महिना भूलो कर. हुं नहीं गणुं." सहा महिने चुका कर, मी मोजणार नाही.

त्यांनी खरंच मोजल्या नाहीत. चुकलेल्या शब्दाखाली बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहून द्यायचे. लाल शाई नाही, गुण नाहीत. दिवाळीनंतर मी मैत्रिणींशी गुजरातीत भांडायला लागले, तेव्हा त्यांनी मोजणी सुरू केली. पुढे त्याच भाषेच्या जोरावर मी बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं.

ही गोष्ट मी शिक्षकदिनाला कितीदा तरी सांगितली आहे. छान टाळ्या पडतात. तिचा उत्तरार्ध कधी सांगितला नाही. मला मिळालेले सहा महिने मी पुढे कुणाला दिले आणि कुणाला दिले नाहीत, हा तो उत्तरार्ध.

सहावीत गुणोत्तराचा धडा असतो. चाचणीत मी एक गणित घातलं होतं: सिमेंट आणि रेती एकास सहा या प्रमाणात मिसळायची, तर ४२ तगारी रेतीला सिमेंट किती तगारी? (घमेल्याला आम्ही बडोदेकर तगारीच म्हणतो, पुणेकरांनी क्षमा करावी.) चार गुणांचा प्रश्न. दोन मुलांनी पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं, "७ तगारी". त्यातला एक आमच्याच सोसायटीतला, वडील बँकेत. त्याला मी तीन गुण दिले आणि समासात लिहिलं, "पायऱ्या लिहीत जा." दुसरा मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरकडचा आदिवासी मुलगा, भायलीच्या बाजूला उंच इमारतींचं काम चालू होतं तिथे त्याचे आईवडील मजुरीला. दिवाळीनंतर वर्गात आलेला. त्याला मी एक गुण दिला आणि लिहिलं, "कुणाचं पाहिलंस?"

वर्गातल्या पन्नास मुलांपैकी हे गणित कागद-पेन न घेता सुटण्यासारखं कुणाला असेल, तर ज्याच्या डोळ्यांसमोर रोज एक-सहाचा माल कालवला जातो त्याला. हे मला तेव्हा सुचलं नाही. पेपर वाटल्यावर तो दोन्ही पेपर घेऊन टेबलापाशी आला. तक्रारीचा सूर नव्हता. दोन आकृत्या एकरूप आहेत असं दाखवावं तसं दाखवत म्हणाला, "बेन, आ बे सरखा छे." मी पाहिलं. सारखेच होते. आणि मी म्हणाले, "आधी अक्षर सुधार."

त्याच हिवाळ्यात मी त्याला माझ्या पैशांनी स्वेटर घेतला होता. हे स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. आम्हा शिक्षकांना कुणी पूर्वग्रहदूषित म्हटलं की आम्ही दुखावतो, कारण पूर्वग्रह म्हणजे शिवीगाळ, मार, वेगळं बसवणं अशीच आमची समजूत असते, आणि त्यातलं आम्ही काही केलेलं नसतं. उलट फी भरलेली असते, डबा दिलेला असतो. त्या मुलाची मला कणव होती. ज्याची कणव येते तो आपल्या मनात आधीच कमी झालेला असतो, आणि कमी झालेल्याने बरोबर उत्तर काढलं की ते चोरीचं वाटतं.

स्टाफरूममध्ये बसलात तर शिवी ऐकू येणार नाही. "याला मॉनिटर कशाला करता, होळीनंतर राहणार आहे का?" "दाहोदवाला आहे, जरा हळू घ्या." "भैयाचा पोरगा, हिशेबाला पक्का, पण लक्ष ठेवा हं." उत्तर प्रदेश-बिहारच्या मुलावर चलाखीचा शिक्का आणि दाहोद-अलिराजपूरच्या आदिवासी मुलावर भोळेपणाचा. एकाला शंकेने पाहायचं, दुसऱ्याला सोपे प्रश्न विचारायचे. वर्गात मी गुणोत्तराचा प्रश्न सोसायटीतल्या मुलाला विचारायची आणि अलिराजपूरच्या मुलाला बेचा पाढा. तो बरोबर आला की "शाबास!" बाक हलवायचे असले, पाण्याची टाकी धुवायची असली, की आवाज त्यांनाच. "ताकद आहे त्यांच्यात," असं कौतुकाने म्हणायचं. हाजरी घेताना नावाऐवजी "ए दाहोद" म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुलंही हसून "हाजर" म्हणतात, म्हणून ते कुणाला खटकत नाही.

आता हजेरीचंच घ्या. होळीच्या आधी भगोरिया हा आदिवासींचा सण असतो. झाबुआ-अलिराजपूरकडची कुटुंबं गावी जातात आणि दोन-तीन आठवडे परतत नाहीत. आमच्याकडे त्याचं निदान ठरलेलं: "यांना शिक्षणाची किंमत नाही." डिसेंबरात अमेरिकेहून नातेवाईक येतात, लग्नं निघतात, सोसायटीतली निम्मी मुलं दहा-बारा दिवस गायब असतात. त्यांच्या वह्या आम्ही पूर्ण करून घेतो, चाचणी पुन्हा घेतो, "लग्न कसं झालं?" असंही विचारतो. उत्तरायणात तर शिक्षकच गच्चीवर पतंग उडवत असतात. गैरहजेरी सगळ्यांचीच असते. किंमत नसल्याचा निष्कर्ष मात्र एकाच घराबद्दल निघतो.

यातली एक गंमत अशी की आम्ही ज्यांना बाहेरचे म्हणायचो त्यांतली कितीतरी मुलं छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासी. छोटा उदेपूर २०१३पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होतं. म्हणजे हे मूल माझ्याच जिल्ह्यातलं, आणि त्याच्या पूर्वजांनी या मुलखात किती पिढ्या काढल्या याची मोजदाद नाही. माझे पूर्वज आले गायकवाडांच्या मागोमाग, १७३४मध्ये दमाजीरावांनी बडोदं घेतलं त्यानंतर कधीतरी. आम्हाला इथले लोक अजून "दक्षिणी" म्हणतात. पण आम्ही हातात लेखणी घेऊन राजाबरोबर आलो, म्हणून आम्हाला स्थलांतरित म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आम्हाला स्वतःलाही नाही. तो शब्द आम्ही कडिया नाक्यावर मजुरीसाठी उभं राहणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

भाषेने तोल जातो म्हणजे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं असंही नाही. कॉलेजात असताना पुण्याला मावशीकडे गेले होते. अंगणातल्या झोपाळ्याला मी "हिंचका" म्हटलं आणि मावसभावंडं दोन दिवस हसत होती. "ही मराठी आहे की गुजराती?" त्या दोन दिवसांत मी जेवायला वाढा एवढंही नीट मागू शकले नाही, प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बोलायचं. एवढं कळत असूनही प्रगतिपुस्तकात त्या अलिराजपूरच्या मुलासमोर मी लिहिलं, "भाषा कच्ची." तो घरी भिलाली बोलायचा, साइटवर मुकादमाशी हिंदी, वर्गात गुजराती. तीन भाषा. माझ्या शेऱ्यात त्यांतली एकही आली नाही. बडोद्यातल्याच भाषा संशोधन केंद्राने तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली, या बोलींना लिपीत आणलं, त्यांत नियतकालिकं काढली. त्याचे संस्थापक गणेश देवी आमच्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. शहरातल्या शाळेच्या खिडकीपर्यंत मात्र ते काम पोचलं नाही. शिक्षणहक्क कायदा सांगतो की शक्य तिथे शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं. "शक्य तिथे" हे शब्द फार सोयीचे आहेत.

कायद्याचं म्हणाल तर तो वाईट नाही. २००९च्या या कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून नवव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं, तेही नियमांप्रमाणे किमान तीन महिने आणि लागलं तर दोन वर्षांपर्यंत. वाचताना मला हसू आलं होतं. माझ्या मास्तरांचे सहा महिने चाळीस वर्षांनी राजपत्रात आले होते. पण मास्तरांनी ते दिले ते राजपत्र वाचून दिले नव्हते, आणि मी राजपत्र वाचूनही दिले नाहीत.

हुकूम आणि माणूस यांच्यातलं हे अंतर या शहराला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. आम्ही बडोदेकर हे दोन सन कुळाचाराप्रमाणे पाठ म्हणतो. अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे १९०८मध्ये आर्य समाजाच्या पंडित आत्मारामांना पंजाबातून बोलावून त्या शाळा त्यांच्याकडे सोपवाव्या लागल्या, हा भाग आम्ही पाठ म्हणत नाही. १९१७मध्ये आंबेडकर दरबारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून नोकरीसाठी इथे आले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकत. शहरात राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशांच्या सराईत राहिले आणि तिथूनही त्यांना हाकललं गेलं. कमाटीबागेत ज्या झाडाखाली ते बसून राहिले, तिथे आज संकल्पभूमी आहे आणि आम्ही शाळेची सहल तिथे नेतो. महाराजांचा हुकूम होता. महाराजांचा शिपाई तो ऐकत नव्हता. माझ्या वडिलांच्या पिढीतले कारकून त्याच कचेऱ्यांचे वारस, आणि मी त्या कारकुनांची.

महाराजांवरून आठवलं. बडोद्यातला सगळ्यात प्रसिद्ध स्थलांतरित विद्यार्थी कोण, असा प्रश्न मी एकदा नववीच्या वर्गात विचारला होता. कुणाला सांगता आलं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५मध्ये दत्तक म्हणून इथे आणला गेला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या भाषेत "शाळाबाह्य". त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी एकदम शिकावं लागलं. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले आणि सहा वर्षांनी, १८८१मध्ये, राज्यकारभार त्याच्या हाती आला. त्या सहा वर्षांत "मुळातच मठ्ठ आहे, राहणार थोडाच" असं म्हणायची सोय कुठल्याच शिक्षकाला नव्हती. तो मुलगा असामान्य होताच. पण बारा वर्षांच्या निरक्षर खेडवळ पोरात असामान्य काही असू शकतं, हे गृहीत धरणं शिक्षकांना भाग होतं. सगळा फरक तिथे पडला.

हे केवळ माझ्या अपराधी मनाचं बोलणं नव्हे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. नाव-जात कुणी उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या जातीची मुलं जवळजवळ सारखीच ठरली. सगळ्यांसमोर जात पुकारली की खालच्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. हाजरीतलं "ए दाहोद" हे असलंच पुकारणं, रोज सकाळी.

दुसरा प्रयोग मला जास्त टोचला. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातल्या एका शहरात मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मनाला येईल तशी जात, वय, लिंग टाकून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्याच पेपरला खालची जात दिसली की गुण थोडे कमी पडत. फरक मोठा नव्हता, पण होता. गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पेपरांत तो अधिक होता, म्हणजे किती कडक तपासायचं हे शिक्षकाचं अजून ठरलेलं नसताना. मनात अनिश्चितता असली की हात कशाचा तरी आधार शोधतो, आणि नावाचा आधार जवळ असतो. "७ तगारी" पुढे पायऱ्या नसल्या की गुण किती द्यायचे, हे मलाही ठरवता येत नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली: हा फरक मुख्यतः करत होते ते स्वतः खालच्या जातीतले शिक्षक. म्हणजे आपण कधीकाळी उंबऱ्याबाहेर उभे होतो, याने माणूस आपोआप उदार होत नाही. दक्षिणी बाईंनी हे वाक्य दोनदा वाचलं.

आता सहकाऱ्यांची बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट मांडते. कायदा म्हणतो सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक. माझ्या वर्गात पन्नास असायचे. नोव्हेंबरात चार मुलं येणार, मार्चात सहा जाणार, मधे गुणोत्सवात शाळेची श्रेणी ठरणार आणि ती श्रेणी आलेल्या-गेलेल्यांच्या गुणांसकट ठरणार. निवडणुकीचं काम, जनगणनेचं काम. जूनमध्ये प्रवेशोत्सवाला साहेब येतात, मुलांना कुंकू लावतात, दप्तर देतात, फोटो निघतात. मार्चात मूल निघून जातं तेव्हा साहेब कुठे असतात? विशेष प्रशिक्षण कोण देणार? तोच शिक्षक, त्याच तासाला. हे सगळं खरं आहे. एखादं मूल मागे राहिलं याचा बराचसा दोष यांतच आहे.

पण एकाच उत्तराला तीन आणि एक असे दोन गुण का पडले, याचं उत्तर यात नाही. तिथे वर्गातली गर्दी नव्हती, गुणोत्सव नव्हता. रात्रीचे नऊ वाजले होते, मी माझ्या हिंचक्यावर बसले होते आणि हातात लाल पेन होतं.

शासनाला हे कळत नाही असं नाही. म्हणून प्रशिक्षणं होतात. मी चार-पाच केली असतील. सभागृह, पंखे, चहा, प्रोजेक्टर, "प्रत्येक बालक विशेष आहे". आम्ही सगळे मनापासून मान डोलवतो, कारण प्रत्येकीला वाटतं हे शेजारच्या खुर्चीतल्या बाईंसाठी चाललं आहे. २०१८च्या ऑक्टोबरात गुजरातेत उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले झाले, हजारो माणसं मिळेल त्या गाडीने निघून गेली, मकरपुऱ्याकडच्या कारखान्यांत माणसं कमी पडली. तेव्हा आमच्या शाळेत बंधुभावावर परिपाठ झाला. चांगला झाला. त्याच आठवड्यात रिकाम्या बाकांकडे पाहून एक शिक्षिका म्हणाल्या, "चला, वर्ग जरा हलका झाला." बाई दुष्ट नव्हत्या. परिपाठात त्या रडल्या होत्या.

भाषणं का लागू पडत नाहीत याचं मला पटलेलं उत्तर इटलीतून आलं. हार्वर्डचे अल्बेर्तो अलेसिना आणि त्यांचे तीन सहकारी यांनी तिथल्या शाळांत पाहिलं की परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षक कमी गुण देतात. त्याच मुलांची नावं न पाहता तपासल्या जाणाऱ्या राष्ट्रीय चाचणीत ज्यांची पातळी इटालियन मुलांइतकीच होती, त्यांनाही. मग शिक्षकांची एक चाचणी घेतली: संगणकाच्या पडद्यावर स्थानिक आणि परकी नावं, चांगले आणि वाईट शब्द, आणि कुठली जोडी बोटं पटकन लावतात ते मोजायचं. तोंडाने माणूस काहीही म्हणो, बोटं आधी उत्तर देतात. काही शिक्षकांना आपला निकाल सत्राचे गुण देण्याआधी कळवला, काहींना गुण देऊन झाल्यावर. ज्यांना आधी कळला त्यांच्या वर्गात इटालियन आणि स्थलांतरित मुलांच्या गुणांतली दरी कमी झाली. कुणी रागावलं नव्हतं, परिपत्रक निघालं नव्हतं, नाव जाहीर झालं नव्हतं. पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. सर्वसाधारण उपदेशाचाही सरासरी परिणाम होतो, पण ज्यांच्या मनात अढी जास्त घट्ट, त्यांच्यावर उपदेशाचा काही परिणाम होत नाही. ते बदलतात ते स्वतःचा निकाल स्वतः पाहिल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते खर्चिक नाही. सभागृहं बंद करा असं मी म्हणत नाही. चहा चांगला असतो. पण प्रत्येक शिक्षकाला वर्षातून एकदा त्याचा स्वतःचा गठ्ठा दाखवा. एका चाचणीचे पेपर नावं झाकून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या, दोन्ही गुण शेजारी-शेजारी मांडा आणि तो कागद बंद पाकिटात त्या शिक्षकाच्याच हातात द्या. आचार्यांना (म्हणजे मुख्याध्यापकांना) नाही, अधिकाऱ्यांना नाही, सेवापुस्तकात तर नाहीच. ज्या दिवशी त्या पाकिटाची नोंद होईल त्या दिवसापासून आम्ही पेपर तपासायला नव्हे, पाकीट सांभाळायला शिकू. सरकारी माणसांना हे मी सांगायला नको. संघटना म्हणेल हा शिक्षकांचा अपमान आहे. अपमान चारचौघांत होतो. पाकिटात असते ती लाज, आणि ती मला उपयोगी पडलेली आहे.

तो मुलगा भगोरियाला गेला तो परत आला नाही. भायलीचं काम संपलं होतं, कुटुंब तिकडून दुसरीकडे गेलं असेल. कायद्याने पटावरचं नाव असं कमी करता येत नाही, आम्ही केलं. त्याचा तो पेपर माझ्याकडे राहून गेला होता. गुण मी नंतर तीन केले, त्याचा आता कुणाला काय उपयोग.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी एक केलं. एकम कसोटीच्या (म्हणजे घटक चाचणीच्या) दिवशी मुलांना सांगितलं की नाव वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहा आणि कोपरा मागे दुमडून टाचणी लावा. मुलांना तो खेळ वाटला. आधीच्या कसोटीचा माझाच गठ्ठा मी नावांवर कागद चिकटवून एका जुन्या सहकारी बाईंकडून पुन्हा तपासून घेतला होता. फरक फार नव्हता: कुणाचा अर्धा गुण, कुणाचा एक, एका मुलीचे दोन. पण ज्यांचे वाढले ती मुलं जवळजवळ सगळी साइटवरून येणारी. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते. तीस वर्षांचे गठ्ठे किती झाले असतील, हा हिशेब मला करता येतो, मी गणिताची शिक्षिका आहे. केला नाही.

सहकारी बाईंना म्हटलं, तुमचाही गठ्ठा तपासून देऊ का? त्या हसल्या. "माझं नको हं. मी सगळ्यांना सारखीच मारते." विषय तिथेच थांबला. पुढच्या महिन्यात एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या लगबगीने निघाल्या, हातात भाषेच्या पेपरांचा गठ्ठा. वरच्या पेपराचा उजवा कोपरा मागे दुमडलेला होता, टाचणी नीट लागली नव्हती. मी काही बोलले नाही. त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि रिक्षा शोधायला गेल्या.